गाव दोनदा उठले

मिरजेहून निघालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी करत लातूरला पोचायची. १९४७ साली या एका तिकिटात राज्य बदले. बार्शी मुंबई इलाख्यात आणि पुढे निजामाचा मुलूख. तिथे नाणे वेगळे, पोलीस वेगळे, कारभाराची भाषा उर्दू, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. १५ ऑगस्टला बार्शीत तिरंगा लागला. लातुरात तो लावणारा तुरुंगात जात होता.

कोकणातल्या अलोऱ्याहून कुंभार्ली घाट चढून कराड, पंढरपूर गाठले की ही जुनी सरहद्द फार लांब उरत नाही. तरी कोकणातल्या वाचकाला ‘रझाकार’ हा शब्द बहुधा पुस्तकातून माहीत असतो. मराठवाड्यात मात्र तो काळ मोजण्याचे माप झाला. जुनी माणसे साल सांगत नसत. ‘रझाकारीत’ अमुक घडले, ‘पोलीस ॲक्शन’च्या, म्हणजे भारताच्या लष्करी कारवाईच्या, वेळी तमुक जन्मला, असे सांगत. या दोन शब्दांमध्ये जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाचे अंतर आहे. त्या अवधीत इथली माणसे दोनदा घरे टाकून पळाली. पहिल्यांदा रझाकारांच्या धाकाने हिंदू कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली. दुसऱ्यांदा रझाकार मोडल्यावर मुसलमान कुटुंबे पळाली. पहिल्या पळापळीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, तिचे हुतात्मे आणि स्मारके आहेत. दुसरीविषयी लोक आवाज खाली आणून बोलतात. दोन्हींची हकिकत एकत्र सांगितल्याशिवाय त्या काळाचा हिशेब पुरा होत नाही.

निजामाचे हैदराबाद हे देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख, जिल्हे १६. त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे ५ मराठी, बाकीचे तेलुगू आणि कानडी. प्रजा बहुसंख्य हिंदू, गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान. इंग्रज जाणार हे ठरताच जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले, की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. आपण स्वतंत्र राहू.

ही घोषणा तोलून धरायला फौज पुरेशी नव्हती. मग पुढे आली ती इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना आणि तिचे स्वयंसेवक दल. १९२७ मध्ये निघालेल्या या संस्थेला बहादूर यार जंग या प्रभावी वक्त्याने बळ दिले. १९४४ मध्ये ते वारले आणि दोन वर्षांनी नेतृत्व कासिम रझवीकडे गेले. रझवी अलीगढला शिकलेला, लातूरला वकिली करणारा माणूस. त्याच्या भाषणांत बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुवत आणि लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडके. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘स्वयंसेवक’. पण या स्वयंसेवकांच्या हाती बंदुका, भाले, तलवारी आल्या, त्यांच्याबरोबर पोलीस फिरू लागले, आणि त्यांच्याविरुद्ध फिर्याद नोंदवून घ्यायला कोणी उरले नाही.

रझाकारांपाशी किती बंदुका होत्या यापेक्षा ही शेवटची गोष्ट अधिक घातक होती. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे राजधानीतच त्याचा पुरावा मिळाला. भारताशी बोलणी करायला दिल्लीला निघालेल्या निजामाच्याच शिष्टमंडळाची घरे जमावाने वेढली. पंतप्रधान नवाब छतारी, निजामाचे कायदेपंडित सर वॉल्टर मॉन्क्टन, अली यावर जंग यांपैकी कोणालाही जाऊ दिले नाही. छतारींनी राजीनामा दिला आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. ज्या दलाला संस्थानचा पंतप्रधान आवरू शकला नाही, त्याला बिलोली किंवा कळंबचा फौजदार काय आवरणार?

खेड्यांना याची झळ आधीच लागली होती. नांदेड जिल्ह्यातल्या अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे या काँग्रेस कार्यकर्त्याचा खून झाला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढच्या दीड वर्षात धान्याच्या लेव्हीची सक्ती, खंडणी, गंजींना आग, बायकांवरचे अत्याचार आणि दिवसाढवळ्या लूट यांनी गावे हैराण झाली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावावर झालेल्या हल्ल्यात २०० च्या आसपास माणसे मारली गेली असे मानले जाते. त्याच महिन्यात, २२ तारखेला, गुलबर्ग्याजवळच्या गाणगापूर स्टेशनावर मद्रास-मुंबई मेलच्या उतारूंवर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये वरंगळकडच्या भैरनपल्लीत गढीच्या बुरुजावरून झुंजणाऱ्या गावकऱ्यांना हरवून रांगेत उभे करून मारण्यात आले.

अशा वेळी गाव उठते. मराठीतला हा शब्दप्रयोग फार अचूक आहे. एकेक माणूस निघून जात नाही, सगळे गावच जागेवरून उठते. गुरे सोडून दिली जातात, कणगीतले धान्य तसेच राहते, म्हाताऱ्यांना गाडीत बसवतात आणि बैल रात्रीच जुंपतात. मराठवाड्यातून निघालेली अशी कुटुंबे बार्शी, सोलापूर, अहमदनगर, मनमाड, चाळीसगाव, वाशीम, पुसद, उमरखेड, चांदा अशा सरहद्दीबाहेरच्या गावांत उतरली.

याच पट्ट्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. दिगंबरराव बिंदू काँग्रेसच्या कृती समितीचे अध्यक्ष, गोविंदभाई श्रॉफ तिचे एक प्रमुख सूत्रधार. पळून आलेल्या कुटुंबांची सोय हे कँपांचे एक काम. दुसरे काम हत्यारी होते: करोडगिरीचे नाके जाळणे, तारा तोडणे, पोलीस ठाण्यांवर छापे घालणे. ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथल्या बँकेवर छापा घालून कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी लाखो रुपये नेले. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी खेड्यातली बाई या लढ्यात हत्यार घेऊन उतरली. वसमतकडचे बहिर्जी शिंदे अशाच झुंजीत गेले. कँपांतली ही मुले शौर्याने लढली यात शंका नाही. पण सरहद्दीच्या या बाजूलाही आता बिनगणवेशाच्या हातांत बंदुका होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. तो धागा सप्टेंबरनंतर पुन्हा हाती येईल.

जे पळाले नाहीत त्यांतले हजारो तुरुंगात होते. त्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत मुले घडवणारा हा संन्यासी. त्यांनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतात सामील व्हा’ अशी हाक देऊन सत्याग्रह सुरू केला. शिंदीची झाडे तोडून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवणे, जंगल सत्याग्रह, झेंडावंदन असे त्याचे कार्यक्रम होते. स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी स्वामीजी पकडले गेले. २९ नोव्हेंबरला दिल्लीशी ‘जैसे थे’ करार झाल्यावर ते सुटले, पण जानेवारीअखेर पुन्हा आत गेले, ते पोलीस ॲक्शन संपेपर्यंत.

कैद्याला एकच आधार असतो. त्याला कोंडणारे सरकारच त्याच्या जिवाची हमी घेते. निजामाबादच्या तुरुंगात ही हमीही उरली नाही. १९४८ च्या जानेवारीत रझाकारांनी आत शिरून राजकीय कैद्यांना बेदम मारले. तेलुगू कवी दाशरथी कृष्णमाचार्य आणि लेखक वट्टिकोटा आळ्वारस्वामी याच तुरुंगात होते. दाशरथींनी तिथल्या भिंतीवर कोळशाने कविता लिहिल्या. तुरुंगाची भिंत कैद्याला आत ठेवते, तशी बाहेरच्या जमावाला बाहेरही ठेवते असे आपण गृहीत धरतो. त्या वेळी निजामाबादला दरवाजा एकाच बाजूने पक्का निघाला.

रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण तेव्हाही खोटे होते. लायक अलींच्या मंत्रिमंडळात निजामाच्या बाजूचे हिंदू आणि दलित पुढारी होते. उलट रझाकारांना उघड विरोध करणाऱ्यांत मुसलमान होते. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी सहीनिशी पत्रक काढले: रझाकार संघटना बरखास्त करा, भारतात सामील व्हा. बाकर अली मिर्झा त्यांत होते. निजामाच्या महसूल खात्यातले अधिकारी फरीद मिर्झाही होते. त्यांनी रझाकारांचा जुलूम नांदेडकडे स्वतः पाहिला होता. हे पत्रक ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाने छापले. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतत होते. मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि लिहिता हात तोडला.

तीन आठवड्यांनी भारतीय फौज आत शिरली.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. दुसरी फौज औरंगाबादकडून उतरली. पाच दिवसांत सारे आटोपले. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी ती रीतसर दिली, रझवी पकडला गेला. स्वामीजी सुटले. बार्शीच्या, मनमाडच्या, उमरखेडच्या कँपांतून बैलगाड्या उलट दिशेने निघाल्या. वर्षभर परक्या गावी राहिलेली माणसे आपापल्या पांढरीत परत आली. तो आनंद खरा होता आणि मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला त्याची आठवण काढतो ते योग्यच आहे.

पण त्याच आठवड्यात दुसरे गाव उठू लागले.

रझाकार पळाले किंवा पकडले गेले. मागे राहिले ते त्यांच्या धर्माचे विणकर, खाटीक, तांबोळी, शेतमजूर, चौकीवरचे शिपाई आणि त्यांची बायकामुले. जुने पोलीस गायब होते, नवे पोचले नव्हते. कोणाला सूड हवा होता, कोणाला सावकाराची वही जाळायची होती, कोणाला शेजाऱ्याची जमीन हवी होती. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत कत्तली सुरू झाल्या.

बातम्या दिल्लीला पोचल्यावर नेहरूंच्या सरकारने सदिच्छा मंडळ म्हणून तिघांना पाठवले: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. १०९ गावांतल्या ५०० हून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांच्या अंदाजाने पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली होती. त्यांतली निदान १८,००० वर सांगितलेल्या चार जिल्ह्यांतली होती. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि त्यांवर वाद आहे. पण वाद आकड्यांचा आहे. कत्तली झाल्या, हे आकडा कमी धरणाऱ्यालाही नाकारता येत नाही.

या समितीच्या अहवालातले लातूरचे वर्णन थरकाप उडवते. रझवीचे हे गाव. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या. सुमारे १०,००० मुसलमानांच्या वस्तीत समितीला जेमतेम ३,००० माणसे दिसली. हजाराच्या वर मारली गेली होती, बाकीची पळाली होती. लुटीबरोबर बायकांवर अत्याचार झाले आणि सक्तीने धर्म बदलायला लावले गेले. हात कोणाचे होते, तेही समितीने लिहिले: स्थानिक लोक, सोलापूरसारख्या बाहेरच्या शहरांतून आलेल्या हत्यारी टोळ्या, आणि काही ठिकाणी गणवेशातली माणसेही. त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. विणकरांनी आपल्या धंदेबंधू विणकरांना, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन, वाचवले. माग चालवणाऱ्या या माणसांनी समोरच्याला कोणत्या धर्माचा म्हणून पाहिले नाही. शेजारच्या मागावरचा माणूस म्हणून पाहिले.

निर्वासित आणि कैदी यांच्या नशिबी हत्यारी टोळ्यांकडून काय येते, याची विसाव्या शतकातली आणखी एक उदाहरणमाला लेबनॉनची आहे. ती इथे ठेवली की आपली हकिकत अधिक स्पष्ट दिसते. १९४८ मध्येच घरदार गमावलेले पॅलेस्टिनी बैरूतच्या आसपास छावण्यांत राहत होते. १९७५ मध्ये यादवी पेटली. रस्त्यांवरच्या चौक्यांवर ओळखपत्रातला धर्म पाहून माणसे मारली जाऊ लागली. जानेवारी १९७६ मध्ये ख्रिस्ती टोळ्यांनी करंतीना वस्ती उद्ध्वस्त केली. दोनच दिवसांनी पॅलेस्टिनी आणि त्यांच्या साथीदारांनी दामूर या ख्रिस्ती गावात कत्तल केली. ऑगस्टमध्ये तेल अल-झातर ही पॅलेस्टिनी छावणी दीर्घ वेढ्यानंतर पडली आणि बाहेर येणाऱ्यांतले शेकडो मारले गेले. वाचलेल्यांना राहायला जागा देण्यात आली ती दामूरच्या ओस घरांत. एका उठलेल्या गावात दुसरे उठलेले गाव आणून बसवले.

१६ ते १८ सप्टेंबर १९८२ या दिवसांत साब्रा वस्ती आणि शातिला छावणीत फलांजिस्ट या ख्रिस्ती टोळ्या शिरल्या. भोवती इस्रायली फौजेचा वेढा होता आणि रात्री तिच्याच प्रकाशगोळ्यांनी आतल्या गल्ल्या उजळत होत्या. बळींचा आकडा इस्रायली अंदाजाप्रमाणे ७००-८००, इतरांच्या मते त्याच्या कितीतरी पट. तीन वर्षांनी त्याच छावण्यांना वेढा घातला तो अमल या शिया संघटनेने. म्हणजे टोळीचा धर्म बदलला, झेंडा बदलला, पण मरणारे तेच राहिले. दक्षिणेत खियामच्या बंदिखान्यात इस्रायलच्या पाठबळावरच्या साउथ लेबनॉन आर्मीने १९८५ पासून २००० पर्यंत माणसे खटल्याशिवाय कोंडली आणि त्यांचे हाल केले.

लेबनॉनची यादवी पंधरा वर्षे चालली, आपली रझाकारी वर्ष-दीड वर्षात संपली. संपली याचे मोठे कारण, देशाचे सरकार आणि कायदा मागोमाग आत आले. तरी जिथे काही आठवडे तो कायदा पोचला नाही, तिथे लातूर घडले. साब्रा-शातिलानंतर तेल अवीवमध्ये प्रचंड निदर्शने झाली. कहान आयोग नेमला गेला, फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याचा अहवाल आला आणि संरक्षणमंत्री शेरॉन यांना ते खाते सोडावे लागले. न्याय पुरा झाला नाही, पण अहवाल पाच महिन्यांत लोकांच्या हाती आला. सुंदरलाल समितीच्या अहवालाला लोकांसमोर यायला दशके लागली. तो दिल्लीत वाचायला खुला झाला तेव्हा २०१३ साल उजाडले होते.

मधल्या काळात बाकीची खाती मिटली. ज्याच्या नावाने रझाकार लढले तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबादचा राजप्रमुख होता, राज्य मोडेपर्यंत. रझवीवर खटले चालले, शिक्षा झाली. ती पुण्याच्या येरवड्यात भोगून १९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. स्वामी रामानंद तीर्थांनी आठवणी लिहिल्या. अनंत भालेरावांनी ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा मोठा ग्रंथ लिहिला. गोरट्याच्या आणि अर्जापूरच्या मृतांची नावे या लेखनामुळे उरली. शोएबुल्ला खानचे नावही उरले.

लातूरच्या त्या वीस दिवसांतल्या माणसांची नावे अशी कोणी जुळवली नाहीत. कुर्डूवाडी-लातूर मार्गावरची अरुंद गाडी २००८ च्या सुमारास बंद होऊन तिथे ब्रॉडगेज आली आणि नवी वाट उस्मानाबाद शहरातून वळवली गेली. अहवाल उघडला तेव्हा १९४८ च्या हिवाळ्यात समितीपुढे बोललेल्या माणसांपैकी फार थोडी हयात असतील. त्यांची गावे मात्र नकाशावर आहेत. काहींत मशीद उभी आहे आणि नमाजाला कोणी नाही. काहींत एखादे शेत अजून जुन्या मालकाच्या उर्दू नावाने ओळखले जाते आणि वखर चालवणाऱ्या पोराला ते नाव कोणाचे, हे ठाऊक नसते.